कवितेचे श्रवण : संगायनापासून आकाशवाणीपर्यंत

कविता ही डोळ्यांनी वाचावयाची वस्तू आहे, असा समज छपाईच्या युगाने दृढ केला. पाठ्यपुस्तकातील कविता विद्यार्थी मनात वाचतो, तिच्याखालील प्रश्नांची उत्तरे लिहितो आणि पान उलटतो. परंतु ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरांपासून दूर ठेवले गेले, त्या समाजाच्या कवितेचा प्रवास कंठातून कानाकडे झालेला आहे. तो प्रवास समजून घेणे आणि त्यातून पठणाची शिस्त शिकणे, हा या लेखाचा हेतू आहे.

१. धम्मपरंपरेतील पठण

बुद्धवचन प्रारंभीची काही शतके ग्रंथबद्ध नव्हते. भिक्खूंनी ते कंठस्थ केले आणि एकत्र बसून त्याचे संगायन केले. निरनिराळे निकाय मुखोद्गत ठेवणाऱ्या भिक्खूंना ‘भाणक’ म्हणत. इ. स. पूर्व पहिल्या शतकात, राजा वट्टगामणीच्या काळी, श्रीलंकेत त्रिपिटक लिहून काढले गेले. बहुतेक सुत्तांचा आरंभ ‘मी असे ऐकले आहे’ या अर्थाच्या शब्दांनी होतो, हे येथे लक्षात घ्यावे. ज्ञानाचे पहिले प्रमाण श्रवण हेच होते.

‘उदान’ या ग्रंथात सोण कुटिकण्ण या अवंती देशातील तरुण भिक्खूची कथा आहे. तो दूरचा प्रवास करून तथागतांच्या दर्शनाला आला. पहाटे तथागतांनी त्याला धम्म म्हणून दाखविण्यास सांगितले. सोणाने अट्ठकवग्गाची सोळाही सुत्ते सस्वर म्हटली. तथागतांनी त्याची प्रशंसा केली. पाठ चांगला झालेला आहे, वाणी स्पष्ट व निर्दोष आहे आणि अर्थ पोचविणारी आहे, असा त्या प्रशंसेचा आशय आहे. पठणाच्या या कसोट्यांकडे आपण शेवटी पुन्हा वळू.

२. जलसा आणि वामनदादा

आंबेडकरी चळवळीत हेच कार्य जलशांनी केले. भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी गावोगावी, वस्तीवस्तीत बाबासाहेबांचा विचार पोचविला. तो ऐकणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती.

सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १९२२ साली जन्मलेल्या वामनदादा कर्डकांचे उदाहरण तर विलक्षण आहे. मुंबईत श्रमाची कामे करीत असताना, वयात आल्यानंतर, ते लिहावयास वाचावयास शिकले. १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले आणि २००४ साली निधन होईपर्यंत ते स्वतःची गीते स्वतः गात महाराष्ट्रभर फिरले. मराठवाड्यात नामांतराचा लढा १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत चालला. त्या सोळा वर्षांत कवी आणि शाहिरांच्या वाणीने कार्यकर्त्यांना धीर दिला. छापील संग्रह ज्या घरात कधी आला नाही, त्या घरात ही कविता तोंडपाठ होती.

३. आकाशवाणी आणि नांदेडचे कवी

नभोवाणीने कवितेला नवा श्रोता दिला. या कामी नांदेडचे नाव अभिमानाने घ्यावे लागते. १९१३ साली नांदेड येथे जन्मलेले कवी वा. रा. कांत यांनी हैदराबाद संस्थानच्या रेडिओवर आणि पुढे मुंबई आकाशवाणीवर सेवा केली. त्यांच्या कवितेला श्रीनिवास खळे यांनी चाल दिली, पंडित वसंतराव देशपांडे यांनी ती गायिली, आणि कवीचे नाव ठाऊक नसलेल्यांच्या ओठांवरही ती बसली. नवकवितेचे प्रवर्तक बा. सी. मर्ढेकर हेही आकाशवाणीचेच अधिकारी होते. पुढे परभणी, औरंगाबाद, नांदेड या केंद्रांमुळे मराठवाड्यातील कवीला आपल्या जवळच बोलण्याची जागा मिळाली.

ध्वनिक्षेपकासमोरचे वाचन हे सभेतील वाचनाहून वेगळे असते. श्रोता समोर दिसत नाही. हातवारे आणि मुद्रा यांचा उपयोग नसतो. आवाज चढविण्याचे कारण नसते, कारण श्रोता जणू हाताच्या अंतरावर असतो. कागदाची सळसळ, श्वासाचा फूत्कार आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचा धक्का मात्र स्पष्ट ऐकू जातो. शिवाय वेळ मोजून दिलेला असतो. म्हणून येथे कवीला विराम जपावा लागतो. मुक्तछंदातील ओळ कोठे संपली, हे श्रोत्याला त्या विरामावरूनच कळते.

४. व्यासपीठावरील कविता

विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी एकत्र दौरे करून जाहीर काव्यवाचनाची गोडी महाराष्ट्राला लावली. नांदेड येथे १९८५ साली आणि लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे २०२२ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अशा संमेलनांतील कविसंमेलनाला श्रोत्यांची नेहमीच गर्दी होते.

या गर्दीत एक धोकाही आहे. टाळी लवकर मिळते ती विनोदाला आणि घोषणेला. टाळीसाठीच लिहू लागलेला कवी हळूहळू श्रोत्याला ठाऊक असलेलेच त्याला ऐकवू लागतो. वामनदादांनाही टाळी मिळत होती. परंतु ते श्रोत्याला काही नवे देऊन घरी पाठवीत. हा भेद विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा.

५. पठणाच्या कसोट्या

सोणाच्या कथेतील तीन गुण आजही पुरेसे आहेत. पहिला, पाठ : कविता इतकी मुरलेली असावी की कागद हा केवळ आधार राहावा. दुसरा, स्पष्टता : प्रत्येक अक्षर शेवटच्या रांगेपर्यंत जावे. आपली मराठवाडी बोली हा उच्चाराचा दोष नव्हे. कविता बोलीत असेल तर ती बोलीतच म्हणावी. तिसरा, अर्थ : प्रथम कवितेचा आशय समजून घ्यावा, मगच सूर लावावा. अर्थ न कळता लावलेला सूर पोकळ राहतो.

वसतिगृहात सायंकाळी वंदना म्हणणाऱ्या मुलांना एका स्वरात, एका श्वासात म्हणण्याचा सराव आपोआप होतो. आठवड्यातून एक दिवस त्याच वेळी प्रत्येकाने एक कविता म्हणावी आणि इतरांनी पुस्तक मिटून ती ऐकावी.

माजी विद्यार्थी आणि पालक यांना एक विनंती आहे. नांदेड, लातूर परिसरातील खेड्यांत भीमगीते रचणारे आणि गाणारे वृद्ध आजही आहेत. त्यांची अनेक गीते कोठेही छापलेली नाहीत. गाणारा गेला की गीतही जाते. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे साधन आहे. त्यांच्या संमतीने त्यांचा आवाज मुद्रित करावा, नाव, गाव आणि तारीख नोंदवावी आणि त्याची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयाला द्यावी. भाणकांनी जे कंठात सांभाळले, ते सांभाळण्याची पाळी आता आपली आहे.