गाडीमागे गाडी जोडताना

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा रथ पुण्याहून सासवडला निघतो तेव्हा वाटेत दिवे घाट लागतो. सपाट रस्त्यावर नेहमीची बैलजोडी रथ सहज ओढून नेते. पण घाटाच्या पायथ्याशी रथ थांबतो, आणि पुढे आणखी बैलजोड्या जुंपल्या जातात. रथ तोच, ओझे तेच. तरी ओढणारे वाढवावे लागतात. बोरघाटात रेल्वेही हेच करते. १८६३ मध्ये सुरू झालेल्या या लोहमार्गाचा चढ काही ठिकाणी ३७ मीटरला १ मीटर एवढा आहे. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे जादा एंजिने लागतात आणि ती गाडी लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात.

हे सारे आठवण्याचे कारण असे. कोथरूडमधल्या एका परिचित गृहस्थांनी मला अलीकडेच एक प्रश्न विचारला. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून त्यांच्या डोक्यात एक कल्पना घोळत होती. झोपायची फळी, छोटा ओटा, पाण्याची टाकी असलेला दुचाकी ट्रेलर घ्यायचा आणि मुलाबाळांना घेऊन बोरघाट उतरून अलिबागच्या बाजूला जायचे. ट्रेलर भरल्यावर १२०० किलोग्रॅमचा होणार. "माझी मोटार ८० अश्वशक्तीची आहे. ती ओढील ना? की पिकअप घ्यावी?" असे त्यांनी विचारले.

विद्यार्थी मित्रांनो, उत्तर देण्यापूर्वी आपण कागद-पेन्सिल घेऊ. लागणारे भौतिकशास्त्र शाळेच्या पुस्तकातलेच आहे.

मोटारीचे वजन माणसांसह १२०० किलोग्रॅम धरू आणि पिकअपचे २२०० किलोग्रॅम. ट्रेलर जोडल्यावर एकूण वजन अनुक्रमे २४०० आणि ३४०० होईल. समजा, रस्ता २० मीटरला १ मीटर चढतो. अशा चढावर गुरुत्वाकर्षण गाडीला एकूण वजनाच्या विसाव्या भागाएवढ्या बलाने मागे खेचते. मोटारीच्या बाबतीत हे बल १२० किलोग्रॅम-भार होईल. शिवाय रबरी चाके रस्त्यावर लोळताना विरोध करतात. चांगल्या डांबरी रस्त्यावर तो वजनाच्या सुमारे दीड टक्का, म्हणजे ३६ किलोग्रॅम-भार धरू. बेरीज झाली १५६. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने चढायचे असेल तर सेकंदाला १५६० किलोग्रॅम-मीटर कार्य करावे लागेल. एक अश्वशक्ती म्हणजे सेकंदाला ७५ किलोग्रॅम-मीटर. भागाकार करा: सुमारे २१ अश्वशक्ती! हवेचा विरोध या वेगाला थोडाच असतो. गिअरमध्ये काही शक्ती वाया जाते. ते सगळे धरले तरी ८० अश्वशक्तीचे एंजिन हा चढ चढून जाईल. पिकअपला तिच्या स्वतःच्याच वजनामुळे उलट अधिक, म्हणजे २९ अश्वशक्ती लागेल.

मग जाहिरातीत अश्वशक्तीचे आकडे एवढे ठळक का छापतात, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर जाहिरात लिहिणाऱ्यांनाच माहीत. ओझे ओढण्याच्या प्रश्नात खरी अडचण दुसरीकडेच असते, आणि ती तीन ठिकाणी असते: चाकाच्या पकडीत, जोडाच्या टोकावर आणि उतारावर.

पकडीचे पाहू. एंजिनाने कितीही जोर लावला तरी रस्त्याला ढकलतात ती चाके. चाक रस्त्याला किती ढकलू शकेल हे त्या चाकावरच्या भारावर आणि घर्षणांकावर ठरते. कोरड्या डांबरावर घर्षणांक साधारण ०.७ असतो, पावसात, चिखल-तेल सांडलेल्या रस्त्यावर तो ०.४ पर्यंत उतरतो. आजच्या बहुतेक लहान मोटारींची पुढची चाके एंजिनाने फिरतात. आपल्या मोटारीच्या १२०० पैकी ६५० किलोग्रॅम पुढच्या चाकांवर आहेत असे समजा. आता ट्रेलर जोडला. त्याचे टोक मोटारीच्या मागच्या बाजूवर १२० किलोग्रॅमने दाबते. हा दाब मागच्या आसाच्याही मागे पडतो. त्यामुळे मागचा आस टेकू बनतो, आणि तरफेप्रमाणे मोटारीचे नाक किंचित वर उचलले जाते. आसांमधले अंतर अडीच मीटर आणि जोड मागच्या आसापासून ०.८ मीटर मागे असेल तर पुढच्या चाकांवरचा भार सुमारे ३८ किलोग्रॅमने घटतो. उरले ६१२. पावसात ही चाके ६१२ × ०.४ = २४५ किलोग्रॅम-भार एवढाच जोर लावू शकतील.

घाटातल्या एखाद्या आखूड वळणावर चढ १० मीटरला १ मीटर असतो. तेथे समोरून बस आली आणि आपल्याला थांबावे लागले, तर पुन्हा निघताना किती जोर हवा? २४० अधिक ३६, म्हणजे २७६. चाके २४५ च देतात. एंजिन गुरगुरेल, चाके जागच्या जागी फिरतील आणि गाडी निघणार नाही. मागे रांग, बाजूला दरी, आणि गाडीत मुले!

पिकअपचा हिशेब असाच करा. तिची मागची चाके फिरतात आणि त्यांच्यावर १००० किलोग्रॅम भार आहे असे धरू. ट्रेलरच्या टोकाने तो घटत नाही, वाढतोच. आसांमधले अंतर ३ मीटर, जोड १.२ मीटर मागे, तर मागच्या आसावर १६८ ची भर पडते. ११६८ × ०.४ = ४६७. लागतात ३४० अधिक ५१, म्हणजे ३९१. गाडी निघेल. (चढावर आणखी थोडा भार मागच्या चाकांवर सरकतो, तो मी सोडून दिला आहे. कोणाच्या पारड्यात तो पडतो हे तुम्हीच ठरवा.) चारही चाकांना शक्ती देणारी पिकअप असेल तर तिच्याकडे ९२८ किलोग्रॅम-भारांची पकड आहे, म्हणजे गरजेच्या दुपटीहून अधिक. पुण्यालगतच्या टेल्कोच्या कारखान्यातून १९८८ मध्ये टाटामोबाइल निघाली, तेव्हापासून आपल्याकडे पिकअप म्हटली की भाजीपाला, सिमेंट, कोंबड्या एवढेच डोळ्यांपुढे येते. पण मागच्या चाकांवर भार पडला की जोर वाढतो, हा तिचा गुण ट्रेलरलाही तितकाच उपयोगी आहे.

आता ट्रेलरचे टोक १२० किलोग्रॅमने दाबते, हा आकडा कोठून आला ते सांगतो. त्यासाठी बैलगाडीकडे चला, कारण हा प्रश्न गाडीवानाने मोटारींच्या कितीतरी आधी सोडवला होता. गाडीत पोती भरताना तो ती आसाच्या थोडी पुढे लावतो. फार मागे लावली तर गाडी उलार होते, म्हणजे साटा मागे कलतो आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. फार पुढे लावली तर मानेवर ओझे येऊन बैल बेजार होतात. चढ आला की गाडीवान स्वतः पुढे सरकून बसतो, कारण चढावर ओझ्याचा गुरुत्वमध्य आसाच्या मागे सरकतो. ट्रेलरचेही तसेच. टोकावरचा दाब ट्रेलरच्या वजनाच्या सुमारे दहावा भाग असावा, अशी रीत आहे. १२०० किलोग्रॅमचा ट्रेलर, आसापासून टोकापर्यंत ४ मीटर, गुरुत्वमध्य आसाच्या ०.४ मीटर पुढे: १२०० × ०.४ ÷ ४ = १२०.

आणि समजा, कोणीतरी १०० लिटर पाण्याची टाकी मागच्या भिंतीला, आसाच्या २ मीटर मागे बसवली. आघूर्ण ४८० वरून २८० वर येईल आणि टोकावरचा दाब ७० किलोग्रॅम होईल. तोही १३०० च्या ट्रेलरला. असा ट्रेलर वेग वाढला की शेपटीसारखा डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि शेवटी तो पुढच्या गाडीलाही फिरवतो. अशा वेळी जोरात ब्रेक न दाबता पाय ॲक्सिलरेटरवरून काढून वेग उतरू द्यावा लागतो. गाडी हलकी असली की ट्रेलर तिला लवकर फिरवतो, हे सांगायला नकोच.

हे घरी करून पाहण्यासारखे आहे. पुठ्ठ्याच्या खोक्याला मध्यभागी आस घालून दोन चाके लावा आणि पुढे एक पट्टी घट्ट बसवा. पट्टीचे टोक स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून खोक्यात टॉर्चचे दोन सेल मागेपुढे सरकवा आणि काटा काय दाखवतो ते वहीत टिपा. मग तेच खोके एका जड खेळण्यातल्या गाडीला सैल खिळ्याने जोडून उताराच्या फळीवरून सोडा. एकदा सेल पुढे ठेवून, एकदा मागे.

राहिला उतार. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच आहे आणि खोपोली त्याच्या सुमारे साडेपाचशे मीटर खाली. ३४०० किलोग्रॅम एवढे खाली आले की किती स्थितिज ऊर्जा मोकळी होते? ३४०० × ९.८ × ५५० म्हणजे सुमारे १ कोटी ८३ लाख ज्यूल. एवढ्या ऊर्जेने ५८ लिटर थंड पाणी उकळीला येईल. वेग वाढू द्यायचा नसेल तर ही सारी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने कोठेतरी जायला हवी. १२ किलोमीटरच्या वाटेत चाकांचा विरोध तिच्यातला साधारण एक तृतीयांश भाग खाईल. उरलेला भाग केवळ ब्रेकवर टाकला, ब्रेकचे लोखंड ४० किलोग्रॅम धरले आणि वाऱ्याने ते थंड होत नाही असे मानले, तर त्याचे तापमान सुमारे ६८० अंशांनी चढेल. प्रत्यक्षात वारा बरीच उष्णता नेतो, म्हणून ते इतके तापत नाही. तरीही तापलेल्या ब्रेकचे अस्तर पकड सोडू लागते, आणि पाय दाबून ठेवला तरी गाडी धावतच राहते.

म्हणून जुन्या चालकांचा नियम असा की, जो घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. खालच्या गिअरमध्ये चाकेच एंजिनाला फिरवतात आणि एंजिन त्यांना अडवते. उष्णता रेडिएटरमधून व धुरातून बाहेर जाते. काही चालक इंधन वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात, क्वचित एंजिनही बंद करतात. आधुनिक एंजिनात गिअर टाकलेला ठेवून पाय उचलला की इंधनाचा पुरवठा आपोआप थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र एंजिन चालू ठेवायला इंधन जळतच राहते. म्हणजे वाचत काही नाही. आणि एंजिनच बंद केले तर ब्रेकला मिळणारी मदत संपते, स्टिअरिंगही जड होते. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा उतार पुणेकरांना ठाऊक आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तेथे एका ट्रकच्या धडकेने चाळीसहून अधिक वाहने एकमेकांवर आदळली. चालकाने उतारावर एंजिन बंद ठेवले होते, असे तपासाच्या सुरुवातीला पुढे आले होते. बोरघाटाच्या लोहमार्गावर ब्रेक निकामी झालेल्या गाडीला चढाच्या आडमार्गावर वळवून थांबवण्याची सोय केलेली असते. मोटाररस्त्यावर अशी सोय फार थोड्या ठिकाणी भेटते.

थांबण्याच्या अंतराचाही हिशेब करा. एकटी मोटार ताशी ६० किलोमीटर वेगावरून २३ मीटरमध्ये थांबत असेल, आणि ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसेल, तर त्याच ब्रेकना आता दुप्पट वस्तुमान थांबवायचे आहे. मंदन निम्मे होईल आणि अंतर ४६ मीटर. पिकअपसाठी ते सुमारे ३६ मीटर येते. ट्रेलरलाच ब्रेक असला की हा फरक पुष्कळ कमी होतो. त्याची एक सुरेख युक्ती आहे. जोडाचा दांडा थोडा आत सरकू शकतो. पुढची गाडी मंदावली की ट्रेलर जडत्वाने तिला ढकलतो, दांडा आत सरकतो, आणि त्याच हालचालीने ट्रेलरचा ब्रेक लागतो.

त्या गृहस्थांना मी हे सारे सांगितले. मोटार नको, हे त्यांना पटले. "मग चारचाकी जोराची पिकअप घेतली की काहीही ओढता येईल?" असे त्यांनी विचारले. नाही. प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत तिने ब्रेक असलेला ट्रेलर किती वजनाचा ओढावा, ब्रेक नसलेला किती आणि जोडावर किती दाब चालेल हे दिलेले असते; दिलेले नसेल तर ती गाडी या कामाला घेऊ नये. टोकावरचे १२० किलोग्रॅम पिकअपच्या स्वतःच्या मालाच्या वजनातही धरायचे असतात. आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, तेव्हा आरटीओत नोंदणी व स्वतंत्र क्रमांक हवा. त्यांनी आता आधी ब्रेक असलेला, ९०० किलोग्रॅमच्या आतला ट्रेलर शोधायला घेतला आहे. गाडी त्यानंतर.

तुमच्यासाठी एक गणित. हिवाळ्यात ऊसतोडणी सुरू झाली की बारामती, दौंड, इंदापूरकडच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर दिसतील. चढावर एखाद्याची पुढची चाके जमिनीवरून उचललेली असतात. ट्रॅक्टरचा जोड मागच्या आसापेक्षा उंचावर असेल तर हे उचलणे वाढेल की घटेल? आकृती काढा, मागचे चाक जमिनीला जेथे टेकते तो बिंदू टेकू माना, आणि ओढीच्या बलाचे आघूर्ण काढून पाहा.