औषधांमुळे अंगावर उठणारे पुरळ

मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत समुद्राकाठी वसलेल्या उत्तन, पाली, चौक या गावांतील मच्छीमार होड्या एकदा किनाऱ्यावरून निघाल्या की पुष्कळदा अनेक दिवस परतत नाहीत. ऊन, खारे पाणी, जाळ्यांचे दोर आणि अधूनमधून होणारा जेलीफिशचा दंश हे खलाशांच्या नित्याचेच असते. साहजिकच एखाद्याच्या अंगावर पुरळ उठले, तर त्याचे कारण उन्हात, पाण्यात किंवा खाल्लेल्या मासळीत शोधले जाते. निघण्यापूर्वी दुकानातून घेतलेली ताप-अंगदुखीची गोळी कोणाच्या ध्यानात राहत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय ही विसरलेली गोळी होय.

ती विसरली जाण्याचे मुख्य कारण असे की, औषध बाधायचे तर ते लगेच बाधते, असा सर्वसाधारण समज आहे. पित्ताच्या गांधी काही मिनिटांत किंवा तासांत उठतात हे खरे; परंतु गोवरासारखे बारीक तांबडे पुरळ, जे सर्वांत अधिक आढळते, ते बहुधा औषध सुरू केल्यापासून चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत उठते. काही गंभीर प्रकारांत तर दोन ते आठ आठवडेही जातात. तोपर्यंत गोळ्या संपलेल्या असतात. म्हणून रुग्णास ‘आज काय घेतले?’ असे न विचारता ‘गेल्या दोन महिन्यांत काय काय घेतले?’ असे विचारणे योग्य ठरते.

काही औषधे उन्हाच्या संगतीने बाधतात. मुंबई परिसरात पावसाळ्यात पुराच्या पाण्यातून गेलेल्यांना लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधासाठी डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात. औषध उपयुक्तच आहे. पण ते घेऊन दिवसभर उन्हात राबणाऱ्याची त्वचा भाजल्यासारखी लाल होऊ शकते. हा लालपणा चेहरा, मान व हात यांवरच दिसतो आणि सदऱ्याच्या बाहीपाशी रेघ आखावी तसा थांबतो. ही रेघ दिसली की निदान अर्धे झाले.

दुसरा एक प्रकार ओळखण्यास सोपा, पण नेहमी चुकणारा. सल्फा किंवा काही वेदनाशामक गोळ्यांनंतर ओठावर अथवा अंगावर ठरावीक जागी काळसर-जांभळा गोल चट्टा उठतो आणि मागे काळा डाग राहतो. पुन्हा तीच गोळी घेतली की काही तासांत नेमक्या त्याच जागी तो परत येतो. ओठावर आल्यास ग्रामीण भागात ‘जर मुतला’ म्हणून सोडून देतात. आधी ताप येतो, मग गोळी, मग ओठावर फोड. दोष मात्र तापाकडे जातो.

ही उदाहरणे सौम्य आहेत. त्वचा दुखू लागणे, फोड येऊन साल निघणे, डोळे लाल होणे, तोंडात किंवा जननेंद्रियावर व्रण पडणे, पुरळासोबत ताप व चेहऱ्यावर सूज येणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास वाट पाहू नये. स्टीव्हन्स-जॉन्सन विकार व त्याहून उग्र असा त्वचा सोलवटून टाकणारा विकार यांची ही सुरुवात असू शकते. उग्र प्रकारात सुमारे चतुर्थांश ते एक-तृतीयांश रुग्ण दगावतात. डॉ. कुणाल साहा यांच्या पत्नी अनुराधा याच विकाराने मे १९९८ मध्ये मुंबईत निवर्तल्या. कोलकात्यात त्यांच्यावर झालेल्या आधीच्या उपचारांबाबतचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. २००९ मध्ये न्यायालयाने उपचारातील हयगय मान्य केली आणि २०१३ मध्ये सुमारे ५ कोटी ९६ लाख रुपयांची भरपाई ठरविली. भर समुद्रात ही लक्षणे दिसल्यास बिनतारी संचावरून कळवून होडी परत फिरवावी. डिझेल व बर्फ यांचा खर्च अंगावर पडेल, हे मान्य करूनच हे लिहीत आहे.

संशयित औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने तत्काळ थांबवणे, हा पहिला उपाय. क्षय वा कुष्ठरोगाच्या औषधांबाबत मात्र रुग्णाने परस्पर निर्णय घेऊ नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. कुष्ठरोगावरील डॅप्सोनने साधारणतः पहिल्या दोन महिन्यांत पुरळ, ताप व कावीळ उद्भवू शकते. तेव्हा पुढील गोळी घेण्याआधीच वैद्यकीय अधिकाऱ्यास दाखवावे. शिक्षकांनी उलट बाजूही ध्यानात ठेवावी. मुलांचे पुरळ पुष्कळदा विषाणूंमुळे असते. तपासणीवाचून ‘याला पेनिसिलिन चालत नाही’ असा शिक्का बसला, तर पुढे संधिवाती हृदयविकारात तेच औषध त्याला नाकारले जाते.

खरी अडचण नावाची आहे. दुकानात पाकीट कापून चार गोळ्या दिल्या जातात आणि औषधाचे नाव नेमके उरलेल्या तुकड्यावर राहते. २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनॅमिक ॲसिड या वेदनाशामकाबाबत पुरळ, ताप व अंतर्गत अवयवांना इजा करणाऱ्या प्रतिक्रियेचा इशारा दिला; पण आपण घेतली ती गोळी हीच की दुसरी, हे ठाऊक नसल्यास अशा इशाऱ्याचा काय उपयोग? म्हणून नाव छापलेला तुकडाच मागून घ्यावा, निदान नाव लिहून घ्यावे. औषधाच्या दुष्परिणामाची माहिती रुग्णालाही कळवता येते. आयोगामार्फत चालणाऱ्या राष्ट्रीय औषध-सतर्कता कार्यक्रमाचा नि:शुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-१८०-३०२४ असा आहे.

बाधलेल्या औषधाचे मूळ नाव, तारीख आणि काय झाले एवढ्या तीन ओळी एका चिठ्ठीवर पुरतात. उत्तनच्या होडीवर परवान्याची कागदपत्रे ज्या प्लास्टिकच्या पिशवीत कोरडी ठेवतात, त्याच पिशवीत खलाशांच्या या चिठ्ठ्या ठेवता येतील.