वणव्याच्या ऋतूत रानातील मुक्काम : जागेची निवड

भिलाईच्या नेहरू नगरातील काही मित्रमैत्रिणींनी मार्चअखेरीच्या सुटीत एक रात्र रानात काढण्याचा बेत केला आहे, अशी कल्पना करू. बिछाना, शिधा व पाणी पाठीवर घ्यावयाचे, दिवसभर चालावयाचे, रात्री उघड्यावर निजावयाचे आणि दुसऱ्या दिवशी परतावयाचे. जावयाचे कोठे, हा प्रश्न निघाला. एकाने वायव्येकडील मैकल रांगेचे नाव घेतले. दुसऱ्याने रायपूरच्या पलीकडील बारनवापाराचे. तिसरीने दक्षिणेस बालोदजवळील तांदुला जलाशयाचा काठ सुचविला. केवळ देखाव्याचा विचार केला, तर मैकलचा डोंगर पहिला ठरेल. परंतु छत्तीसगडमध्ये १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ मानला जातो. या काळात जागा निवडताना प्रथम पाहावयाचे ते हे की, तेथे आग पेटलीच तर ती कशी वागेल आणि आपण तेथून कसे निघू.

ही सावधगिरी अनाठायी नाही. ११ मार्च २०१८ रोजी तामिळनाडूच्या थेनी जिल्ह्यातील कुरंगणी डोंगरात पदभ्रमणास गेलेले दोन गट वणव्यात सापडले. वाळलेले गवत, तीव्र उतार आणि वारा ही तिन्ही कारणे तेथे एकत्र आली होती. या दुर्घटनेत अखेर २३ जणांचे प्राण गेले. म्हणून या तीन गोष्टींचा क्रमाने विचार करू.

१. इंधन

आपल्याकडील बहुतेक वणवे जमिनीलगत पसरतात. मोठे खोड पेटावयास वेळ लागतो. पाने, गवत व काटक्या मात्र क्षणात पेट घेतात. काडीच्या जाडीच्या इंधनातील ओलावा भोवतालच्या हवेप्रमाणे तासाभरात बदलतो. पहाटे दमट असलेला पाचोळा दुपारी कुरकुरीत होतो, तो यामुळेच.

साग उन्हाळ्यात निष्पर्ण होतो आणि त्याची रुंद पाने जमिनीवर थराने साचतात. सालवृक्षही याच सुमारास पाने गाळतो. पण त्याला लगोलग नवी पालवी फुटत असल्याने सालवनात सावली बरीच टिकून राहते. वाळलेल्या बांबूची बेटे सर्वांत धोक्याची, कारण जमिनीवरची आग त्यांच्या आधाराने वर चढते.

आग लागते ती बहुधा माणसाच्या हातून. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळतात. ती सहज वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची रीत आहे. तेंदूची नवी पाने जोमाने फुटावीत म्हणूनही आग लावली जाते. ज्यांचे पोट रानावर चालते त्यांची ही जुनी वहिवाट आहे. तिला दोष देण्यापेक्षा ती ओळखणे प्रवाशाच्या हिताचे आहे. मोहाची दाट राई जेथे असेल, तेथे या दिवसांत मुक्काम करू नये.

२. उतार

एक साधा प्रयोग करून पाहा. जवळ पाण्याचे भांडे ठेवा. एक आगकाडी पेटवून तिचा गुल वर राहील अशी धरा. ज्योत सावकाश खाली सरकेल. दुसरी काडी पेटवून गुल खाली झुकवा. ज्योत भराभर वर चढेल आणि काडी पाण्यात टाकावी लागेल. कारण उघड आहे. तापलेली हवा वर जाते आणि वरच्या भागास आधीच तापवून वाळवून ठेवते. डोंगरउतारावरील गवताचे हेच होते.

स्थूलमानाने असे सांगतात की, चढ दर दहा अंशांनी वाढला की वर जाणाऱ्या आगीचा वेग दुप्पट होतो. सपाटीवर मिनिटास ५ मीटर सरकणारी आग घेतली, तर दहा अंशांच्या चढावर ती १०, वीस अंशांवर २० आणि तीस अंशांवर ४० मीटर सरकेल. आता माणसाकडे पाहू. तीस अंशांच्या चढावर मिनिटास २० मीटर चालणे म्हणजे तासाला ६०० मीटर उंची गाठणे होय. पाठीवर ओझे असता हे धट्ट्याकट्ट्या माणसासही जड जाते. सारांश, आगीपुढे डोंगर चढून कोणी सुटू शकत नाही. म्हणून उताराचा मध्य, दोन डोंगरांमधील अरुंद घळ आणि खिंड या जागा मुक्कामास वर्ज्य समजाव्यात.

३. वारा व वेळ

दिवसा तापलेल्या उतारावरून वारा वर वाहतो, रात्री थंड हवा खाली उतरते. त्यामुळे वणव्याचा जोर दुपारी अधिक असतो व पहाटे सर्वांत कमी. चालणे पहाटे सुरू करून ऊन चढण्यापूर्वी संपवावे. रात्री आगीचा वेग मंदावतो खरा, पण थंड हवेबरोबर धूर खोलगट जागी साचतो. झोपलेल्या माणसास तो ज्वालेइतकाच घातक ठरतो.

तीन जागांची तुलना

मैकलच्या उतारावर साग, साल व बांबू आहेत, चढ आहे, आणि पायवाट बहुधा एकच. इंधन, उतार व अडचणीची वाट अशी तिन्ही वैगुण्ये तेथे एकत्र येतात. ही जागा पावसाळ्यानंतर, हिवाळ्यासाठी राखून ठेवावी.

बारनवापाराची भूमी बरीचशी सपाट व थोडी चढउताराची आहे. उताराचा धोका तेथे कमी. परंतु पाचोळा व बांबू आहेतच. शिवाय ते अभयारण्य आहे. परवानगीवाचून तेथे प्रवेश नाही, आणि रात्र खात्याने ठरविलेल्या निवासातच काढावी लागते. ज्यांना रान पाहावयाचे आहे त्यांनी तेथे अवश्य जावे. उघड्यावर निजण्यास ती जागा नव्हे.

राहिला तांदुलाचा काठ. उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी ओसरते आणि काठाशी उघड्या मातीचा रुंद पट्टा मोकळा होतो. एका बाजूस पाणी, दुसऱ्या बाजूस जळण्याजोगे काही नसलेली जमीन, असा हा निसर्गनिर्मित आगरोधक पट्टाच होय. सपाटीवर वारा नसताना ज्वालेच्या उंचीच्या निदान चौपट अंतर माणूस व आग यांत असावे लागते. ज्वाला दोन मीटर असेल, तर आठ मीटर. वारा असेल तर पुष्कळच अधिक. येथे याहून कितीतरी अधिक अंतर सहज मिळते. मुक्कामासाठी परवानगी मात्र येथेही घ्यावयास हवी. आपल्या मंडळींनी काठाचीच निवड करावी, असा निर्णय यातून निघतो. देखावा थोडा उणा, पण झोप निर्धास्त.

निघण्यापूर्वी

देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या साहाय्याने वणव्यांच्या सूचना देते. सुमारे ३७५ मीटरच्या चौकोनापर्यंत जागा सांगणारी साधने आज वापरात आहेत. तथापि उपग्रह दिवसरात्रीतून मोजक्याच वेळा डोक्यावरून जातो. दोन फेऱ्यांच्या मधे लागलेली आग त्याला दिसत नाही. म्हणून निघण्याच्या दिवशी वनपरिक्षेत्र कार्यालयात व वाटेवरील गावात चौकशी करावी. बाहेर पडण्याच्या दोन वाटा पायाखालून घालाव्यात आणि घरी परतण्याची वेळ सांगून ठेवावी.

शेकोटी पेटवू नये. राखीव वनात मनाईच्या काळात आग पेटविणे वा बाळगणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणे गुन्हा आहे. शिधा शिजवूनच न्यावा. आणि क्षितिजावर धूर दिसला, तर तो कोठे आहे हे पाहण्यास पुढे न जाता त्याच क्षणी परतावे. बेत रद्द करण्याचा अधिकार गटातील सर्वांत सावध माणसाकडे असावा.

स्वाध्याय

१. तुमच्या परिसरातील तीन मुक्कामाच्या जागा घ्या. प्रत्येकीचे इंधन, उतार व बाहेर पडण्याच्या वाटा यांचे कोष्टक करा.

२. सागाचे एक गळलेले पान सकाळी व दुपारी मुठीत दाबून पाहा. कोणत्या वेळी त्याचा चुरा होतो? का?

३. वरील हिशेबानुसार सपाटीवर मिनिटास ३ मीटर सरकणारी आग वीस अंशांच्या चढावर किती वेगाने जाईल?