तोतया, कावळा आणि 'बी राइट बॅक'

प्रश्न: आमच्या मंडळात आळीपाळीने एकेकाने काहीतरी दाखवायचं आणि त्यावर परीक्षण वाचायचं असा परिपाठ आहे. या वेळी मी 'ब्लॅक मिरर' मालिकेतला 'बी राइट बॅक' हा भाग निवडला. घरच्यांच्या मते ही नुसती रडकथा, विज्ञान नावापुरतं. मला मात्र ती दुःखाइतकीच क्षमेची गोष्ट वाटली. पण कोण कुणाला क्षमा करतं, ते नेमकं सांगता येत नाही. परीक्षणाला हात कुठून घालू?
– एक वाचक, नाचणे, रत्नागिरी

उत्तर: लंडनपासून सुरुवात करू नका, तुमच्या किल्ल्यापासून करा. का, ते पुढे येईलच. आधी इतर वाचकांसाठी कथा सांगतो. शेवट फोडल्याशिवाय तुमच्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, तेव्हा ज्यांना तो राखून ठेवायचा आहे त्यांनी भाग पाहून मग इकडे यावं.

चार्ली ब्रूकरने लिहिलेला आणि ओवेन हॅरिसने दिग्दर्शित केलेला हा भाग फेब्रुवारी 2013 मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरवर दाखवला गेला. मार्था आणि अ‍ॅश हे जोडपं अ‍ॅशच्या लहानपणीच्या घरी राहायला येतं. दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी परत करायला गेलेला अ‍ॅश अपघातात जातो. मार्थाला दिवस गेलेले आहेत. मेलेल्या माणसाने आयुष्यभर इंटरनेटवर जे लिहिलं, त्यातून त्याची बोली उचलणारी एक सेवा तिला मिळते. आधी लेखी संदेश, मग फोनवर आवाज आणि शेवटी खोक्यातून आलेलं, हुबेहूब अ‍ॅशसारखं दिसणारं शरीर.

घरच्यांची तक्रार आधी निकालात काढू. यातलं विज्ञान आता सगळंच कल्पनेतलं राहिलेलं नाही. युजेनिया कुय्डा या रशियन उद्योजक बाईंनी रोमान माझुरेंको हा मित्र 2015 मध्ये अपघातात गेल्यावर त्याच्या जुन्या संदेशांवरून त्याच्यासारखं बोलणारी प्रणाली खरोखरच तयार केली. आणि विज्ञानकथेत यंत्राची तांत्रिक माहिती किती, यावर तिची प्रत ठरत नाही. एक गोष्ट शक्य झाली असं धरून चाललं तर माणसं कशी वागतील, हे ती नेटाने तपासते का, ते बघायचं. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये विश्वासरावांना लागणारी गोळी हुकते आणि सगळा इतिहास दुसऱ्या वाटेने जातो. त्या कथेत पुंजविज्ञान आहेच. पण मराठी वाचकाला ती चटका लावते ती 'असं झालं असतं तर' या जुन्या हळहळीमुळे.

पानिपत निघालंच आहे, तर आता तुमच्या किल्ल्याकडे येऊ. 1761 मध्ये सदाशिवरावभाऊ रणात पडले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी ते मानलं नाही, कुंकू पुसलं नाही. पुढे 'मीच भाऊ' म्हणणारा एक कनोजी ब्राह्मण उगवला, चौकशीत खोटा ठरला आणि अखेर रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत पडला. 1776 मध्ये तिथल्याच अंमलदाराने, रामचंद्र नाईक परांजप्यांनी, त्याला बाहेर काढून उभा केला. पानिपताला पंधरा वर्षं झाली होती, तरी कोकणातली ठाणी भराभर त्याच्याकडे गेली, हजारोंची फौज जमली. महादजी शिंद्यांना त्याच्यावर चालून जावं लागलं. पळता पळता तो आंग्र्यांच्या हाती सापडला आणि त्याच वर्षी त्याला देहदंड झाला. त्याच्या पाठीशी गेलेले सगळे काही भोळे नव्हते. पुण्याच्या कारभाऱ्यांवर डूख धरून असलेल्यांना भाऊ जिवंत असणं सोयीचंच होतं. पण भाऊ परत यावेत अशी लोकांच्या मनात ओढ नसती, तर या सोयीचा उपयोग झाला नसता. (न. चिं. केळकरांनी यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं. तुमच्याकडे 1828 पासूनचं जिल्हा नगर वाचनालय आहे, तिथे मागून बघा.)

मार्थाचं प्रकरण याहून अवघड आहे, कारण तिला कुणी फसवलेलं नाही. समोरचा तोतया आहे हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. खऱ्याला जे माहीत असायला हवं ते विचारायचं, ही तोतया पकडण्याची जुनी रीत. त्या परीक्षेत हे यंत्र बऱ्याच अंशी पास होतं. अ‍ॅशच्या खाचाखोचा, त्याचे विनोद, बरंचसं त्याला येतं. ते पकडलं जातं ते दुसरीकडेच. मार्था चिडून 'चालता हो' म्हणते आणि ते निमूट निघतं. खरा अ‍ॅश भांडला असता. ती अंगावर धावून जाते, ते उलट हात उगारत नाही. माफी मागायला सांगण्याचीही गरज नाही, ती तयारच असते.

तुमच्या प्रश्नाची गाठ मला इथे सुटताना दिसते. मार्थाचं अ‍ॅशशी काहीतरी राहून गेलेलं आहे. जिवंतपणी तो सतत फोनमध्ये मान घालून बसलेला, शेजारी असून नसलेला. त्या फोनमध्ये त्याने जे ओतलं त्यातूनच हा दुसरा अ‍ॅश बनला, ही ब्रूकरची कडू चेष्टा आहे. मार्थाला त्याच्याशी भांडायचं आहे आणि मग क्षमा करायची आहे. पण ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याने मागितलेल्या माफीला वजन नसतं, आणि त्याला माफ करण्यालाही अर्थ नसतो. कड्यावरच्या प्रसंगात ती त्याला उडी मारायला सांगते. तो तयार होतो. अ‍ॅश रडला असता, गयावया केली असती, असं ती म्हणते. तेव्हा तो लगेच रडून दाखवतो. हेली अ‍ॅटवेलची ती किंकाळी म्हणजे या भागाचं शिखर. डॉनल ग्लीसनचं कामही तिथे नीट पाहा: गयावया इतकी अस्सल, की ऐकणाऱ्याला शिसारी यावी.

आपल्याकडे दहाव्याला पिंड ठेवून लोक कावळ्याची वाट बघत उभे राहतात. शिवत नाही. मग एकेक जण पुढे होतो: धाकट्याचं शिक्षण आम्ही बघू, आईला अंतर देणार नाही, जमिनीवरून भांडणार नाही. काही कबुल्या तर चारचौघांत प्रथमच बाहेर पडतात. कावळ्याला खरंच काही कळतं का, यावर वाद घालणारे घालोत. मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच की कावळा न शिवूही शकतो, आणि त्या धाकापोटी जिवंत माणसं बोलती होतात. कितीही वाट पाहून नाहीच शिवला, तर दर्भाचा कावळा करून विधी उरकतात. मार्थाने तो दर्भाचा कावळा आधीच विकत आणला. परीक्षणात एवढा एक परिच्छेद लिहिलात तरी मंडळी कान टवकारतील.

आता दोष. कड्यानंतर कथा एकदम काही वर्षं पुढे उडी मारते आणि मधली वर्षं गाळते. माझ्या मते खरी कथा तिथेच होती. यंत्राला घरात ठेवायचं मार्थाने कसं ठरवलं, मुलीला काय सांगितलं, शेजारपाजाऱ्यांना काय? ब्रूकरने हात आखडता घेतला. न्हाणीतल्या टबात शरीर तयार होतं तो भागही मला उगाच भयपटाकडे झुकलेला वाटला.

शेवट मात्र पक्का आहे, कारण त्याची पायाभरणी पहिल्या काही मिनिटांतच झालेली आहे. आपला भाऊ वारल्यावर आईने त्याचे सगळे फोटो भिंतीवरून उतरवून माळ्यावर टाकले, वडील गेल्यावर त्यांचेही, असं अ‍ॅश सुरुवातीला सांगून जातो. पुष्कळांच्या कानांवरून ते वाक्य निसटतं. शेवटी मार्थाने अ‍ॅशच्या नकलेलाही माळ्यावरच ठेवलेलं दिसतं. म्हणजे तिने क्षमा केली का? मी 'नाही' म्हणेन. सासूचीच वाट तिने धरली: टाकायचंही नाही, समोरही ठेवायचं नाही. तुम्हाला यात क्षमा दिसली असेल, तर ती कदाचित मुलीमुळे. वाढदिवसाला ती माळ्यावर जाताना केकचा जास्तीचा तुकडा मागून नेते. तो खात नाही हे तिला पक्कं माहीत आहे; त्याच्या नावाने आपल्याला एक तुकडा जास्त मिळतो, इतकंच. त्याच्याविषयी तिची काही तक्रार नाही, कारण खरा बाप तिने पाहिलेलाच नाही. यावर तुमचं मत माझ्याहून वेगळं असेल तर तेच लिहा, माझं नको.

भाग पाऊण तासाच्या थोडा वर आहे, तेव्हा परीक्षण दहा मिनिटांत आटपा आणि उरलेला वेळ बोलण्याला ठेवा. मंडळात कुणाच्या घरी नुकतंच कुणी गेलं असेल, तर त्यांना विषय आधी सांगा. यायचं की नाही ते ठरवू द्या.