कामाचा बांध व घराचा उंबरठा

शास्त्रभाग : निर्गम 18:1-27, मार्क 6:30-34

बांध म्हणजे काय, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. बांध घातला म्हणून शेजाऱ्याशी वैर धरले, असे होत नाही. उलट तो फुटला की पावसाच्या एका झडीत वरची काळी माती वाहून जाते व खाली मुरूम उघडा पडतो. मनुष्याच्या दिवसाचेही तसेच आहे. चाकरीचा वेळ व घरचा वेळ ह्यांमध्ये बांध नसला म्हणजे चाकरी घरात शिरते, आणि मागे राहतो तो थकलेला देह व अबोल झालेले घर. हा बांध पूर्वी कसा मिळाला, आज तो कोठे फुटला आहे, व आपण तो कसा घालावा, ह्या तीन गोष्टी आपण ह्या पाठात पाहू.

1. बांध कसा मिळाला

आठवड्याची सुटी आज स्वाभाविक वाटते, परंतु ती मागून घ्यावी लागली. 1881 च्या कारखाने कायद्याने मुलांच्या कामास काही मर्यादा घातली. प्रौढ मजुरास मात्र कोणतीच मर्यादा नव्हती. तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणीमजुरांच्या सभा भरविल्या, आणि सुमारे 5,500 मजुरांच्या सह्यांचे मागणीपत्र तयार झाले. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, आणि पगार पुढील महिन्याच्या 15 तारखेच्या आत, अशा त्या मागण्या होत्या. त्यांत आळस कोठेही नाही; काम कोठे संपते एवढेच मजुरांनी विचारले होते. 24 एप्रिल 1890 रोजी सुमारे 10,000 मजूर सभेस जमले व त्यांत दोन स्त्रियाही बोलल्या. पुढे 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली.

लोखंडे हे सत्यशोधक समाजाचे होते, व पुष्कळ मजुरांस रविवार हा खंडोबाचा वार होता. तेव्हा विसाव्याची गरज ही एका पंथाची नव्हे, ती मनुष्याच्या देहाची आहे. दुसरे असे की, एकट्याने मागितली असती तर जी मिळाली नसती, ती मर्यादा सर्वांनी मिळून मागितल्याने मिळाली.

2. बांध कोठे फुटला आहे

आपल्या जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा ह्या भागांतून पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. ती फिटेपर्यंत सुटका नाही. कोप फडाच्या जवळच, म्हणून घर व काम ह्यांत अंतर उरत नाही. पहाटे तोड सुरू होते, आणि गाडी रात्री आली तर मोळ्या रात्रीच भरावयाच्या. बाईस ह्याखेरीज चूल व लेकरे आहेतच.

अशा मनुष्यास “वेळेचे नियम पाळा” असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. कारण त्याने आपला वेळ उचलीपोटी आधीच देऊन टाकिला आहे. त्याला उपदेशाऐवजी मदत पाहिजे. त्याची उचल वाढू नये म्हणून हिशेब वाचून दाखवावा, व त्याची लेकरे गावी राहून शाळेत जातील अशी सोय मंडळीने पाहावी.

ज्यांना बांध घालता येतो त्यांनी मात्र तो घालावा. शिक्षक, आशा सेविका, कारखान्यातील कामगार, ह्यांच्या खिशातील मोबाईलमधून आता काम रात्री ताटापर्यंत येते. आणि जो दुसऱ्यास कामाला लावितो त्याने स्वतःकडेही पाहावे. पाडव्याला सालगडी ठरविला, म्हणून त्याची प्रत्येक रात्र आपण विकत घेतली काय?

3. प्रचारकाचे घर

इथ्रो मोशेकडे आला तेव्हा तो एकटा आला नव्हता. मोशेची बायको व दोन मुलगे ह्यांना घेऊन आला होता. दुसऱ्याच दिवशी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करीत बसला. तुम्ही व हे लोक दोघेही झिजून जाल, ही गोष्ट सासऱ्याच्या लक्षात आली. लहान वाद इतरांकडे व मोठे तेवढे आपल्याकडे, ही व्यवस्था त्यानेच सुचविली. घरच्या मनुष्याने सांगितलेले असे बोल तक्रार समजून टाकू नयेत.

तथापि चांगल्या बांधाला सांडवाही असतो. प्रभूने थकलेल्या शिष्यांना एकांती नेले, पण तेथे लोक आलेले पाहून त्याला त्यांचा कळवळा आला. म्हणून प्रसूतीची अडचण, सर्पदंश किंवा मरण, ह्यांसाठी प्रचारकाचे दार मध्यरात्रीही उघडावे. वर्गणीचा हिशेब, शिफारसपत्र व भाऊबंदकीचा वाद, ह्यांना सकाळ पुरते.

ह्याकरिता चार गोष्टी कराव्या. भेटीची वेळ उपासनेच्या शेवटी सर्वांस सांगावी. किल्ली व वही दुसऱ्या विश्वासू मनुष्याकडेही द्यावी. जेवताना मोबाईल फडताळावर ठेवावा. ज्यास खरी निकड आहे तो दार ठोठावील. आणि आठवड्यातील एक संध्याकाळ बायकोमुलांची म्हणून राखावी. ती वारंवार मोडू लागली, तर पंचांपुढे बोलून कामाची वाटणी करावी.

विचारार्थ प्रश्न

(1) आपल्या मंडळीत कोणास बांध घालण्याची मोकळीक नाही? त्याला कोणती मदत देता येईल?
(2) गेल्या आठवड्यात रात्री आलेल्या कामांपैकी सकाळपर्यंत थांबू शकली असती अशी कोणती?
(3) आपल्यामुळे कोणाचा विसावा मोडतो?