क्लाउडमधील छायाचित्रे व कागदपत्रे पुसट का दिसतात?
कारणे, परीक्षा व उपाय

पिकावर कीड पडली, गारपिटीने उभे पीक आडवे झाले किंवा एखाद्या योजनेसाठी कागद दाखल करावयाचा झाला, तर आज खेड्यातही पहिला हात मोबाईलकडे जातो. छायाचित्र काढले जाते, ते आपोआप क्लाउडमध्ये, म्हणजे इंटरनेटवरील संग्रहात, जाऊन पडते आणि शेतकरी निर्धास्त होतो. पुढे दोन-तीन महिन्यांनी तेच चित्र उघडावे, तर पान धुरकट दिसते, कीड ओळखू येत नाही, सात-बारावरील गट क्रमांक वाचता येत नाही. तोपर्यंत मोबाईलमधील मूळ चित्र जागा मोकळी करण्यासाठी पुसून टाकलेले असते आणि शेतातील पीकही निघून गेलेले असते. मग पुरावा पुन्हा गोळा करावयाचा तरी कोठून?

ही हानी बहुतेक वेळा टाळता येण्याजोगी असते. त्यासाठी चित्र कोणत्या टप्प्यावर बिघडते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. रोगाचे निदान केल्यावाचून औषध फवारणे जसे व्यर्थ, तसेच पुसटपणाचे कारण न शोधता उपाय करणेही व्यर्थ होय.

चित्रातील तपशील म्हणजे काय?

मोबाईलमधील चित्र अतिशय बारीक चौकोनी ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. चित्राची रुंदी ४,००० व उंची ३,००० पिक्सेल असेल, तर त्यात एकूण १ कोटी २० लाख ठिपके असतात. यालाच १२ मेगापिक्सेलचे चित्र म्हणतात.

कपाशीवरील पांढऱ्या माशीचे उदाहरण घेऊ. ही माशी सुमारे १ मिलिमीटर लांबीची असते. सुमारे १० सेंटिमीटर रुंदीचे पान चित्राची पूर्ण रुंदी व्यापील असे जवळून टिपले, तर प्रत्येक मिलिमीटरच्या वाट्याला ४० पिक्सेल येतात आणि माशी स्पष्ट ओळखता येते. परंतु दुरून १ मीटर रुंदीचे सबंध झाड टिपले, तर तीच माशी अवघ्या ४ पिक्सेलची होते. त्यातही हे चित्र पाठविताना त्याची रुंदी ४,००० वरून १,६०० पिक्सेलवर आली, तर माशीच्या वाट्याला जेमतेम दीड पिक्सेल येतो. ती पानावरील धुळीच्या कणासारखी दिसते. अशा चित्रावरून तज्ज्ञाने दिलेला सल्ला चुकीचा ठरला, तर त्याचा दोष तज्ज्ञाला देता येणार नाही.

ठिपके कमी होणे हे एक कारण झाले. दुसरे कारण दाब देण्याचे, म्हणजे फाईल लहान करण्याचे होय. मोबाईलमधील बरीचशी छायाचित्रे जेपेग या पद्धतीने साठविली जातात. ही पद्धत चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि डोळ्यास सहसा न जाणवणारा बारीक तपशील गाळून टाकते. चाळणी जितकी जाड, तितका तपशील अधिक गळतो. दाब दिलेले चित्र पुन्हा दाबून साठविले की आणखी काही तपशील जातो. गाळलेला तपशील फाईलमध्ये कोठेही दडून राहत नाही. तो कायमचा गेलेला असतो.

पुसटपणाची पाच कारणे

१. चित्र मुळातच पुसट निघणे. भिंगावर धूळ किंवा फवारणीचे तुषार असणे, हात हलणे, वाऱ्याने पान हलणे, उजेड कमी असणे, जवळ न जाता झूम वापरणे ही याची नेहमीची कारणे होत.

२. केवळ पूर्वदर्शन पुसट असणे. क्लाउडमधील चित्र उघडताच आधी त्याची लहान प्रत दाखविली जाते व पूर्ण चित्र मागाहून येते. नेटवर्क मंद असल्यास लहान प्रतच बराच वेळ दिसत राहते. येथे चित्र शाबूत असते.

३. साठविताना दर्जा कमी होणे. गूगल फोटोजमध्ये ‘स्टोरेज सेव्हर’ हा पर्याय निवडलेला असेल, तर चित्रावर दाब दिला जातो आणि १६ मेगापिक्सेलहून मोठे चित्र १६ मेगापिक्सेलवर आणले जाते. ‘एक्स्प्रेस’ पर्यायात तर ते ३ मेगापिक्सेलपर्यंत खाली येते. ‘ओरिजिनल क्वालिटी’ निवडल्यास चित्र जसेच्या तसे राहते.

४. वाटेत दर्जा कमी होणे. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या रीतीने पाठविलेले छायाचित्र लहान करूनच पोचविले जाते. २०२३ मध्ये आलेल्या एचडी पर्यायाने दर्जा सुधारतो, तथापि त्यातही काही दाब दिला जातोच. असे आलेले चित्र क्लाउडमध्ये कितीही जपून ठेवले, तरी ते लहानच राहणार.

५. नकलेची नक्कल होणे. चित्राचा किंवा कागदाचा स्क्रीनशॉट घेतला, तर पडद्यावर जेवढे दिसते तेवढेच साठविले जाते. पडद्याचा दुसऱ्या मोबाईलने फोटो काढल्यास स्थिती याहूनही वाईट होते.

परीक्षा कशी करावी?

पुसट चित्र दिसताच ते पुसून टाकू नये किंवा लगेच पुन्हा पाठवू नये. प्रथम चांगल्या नेटवर्कवर ते उघडून थोडे थांबावे. त्यानंतर ते डाउनलोड करून मोबाईलच्या गॅलरीत मोठे करून पाहावे. डाउनलोड केलेले चित्र स्पष्ट असेल, तर दोष केवळ पूर्वदर्शनाचा होता, असे समजावे.

तरीही पुसट दिसल्यास चित्राची ‘माहिती’ किंवा ‘तपशील’ उघडून दोन आकडे पाहावेत. पहिला आकडा पिक्सेलचा, दुसरा फाईलच्या आकाराचा, म्हणजे केबी अथवा एमबीचा. मोबाईलमध्ये मूळ चित्र शिल्लक असल्यास त्याचेही हेच आकडे पाहून तुलना करावी. यावरून पुढीलप्रमाणे निर्णय करता येतो.

(अ) दोन्ही आकडे मूळ चित्राइतकेच असूनही चित्र पुसट असेल, तर ते काढतानाच बिघडले आहे.

(आ) पिक्सेल तेवढेच, परंतु फाईल बरीच लहान असेल, तर साठविताना दाब दिला गेला आहे.

(इ) पिक्सेलच कमी झाले असतील, तर चित्र साठविताना किंवा वाटेत लहान केले गेले आहे.

(ई) क्लाउडमध्ये चित्र आढळतच नसेल, तर ते अद्याप पोचलेले नाही. अनेक मोबाईलमध्ये बॅकअप फक्त वाय-फायवर चालेल अशी व्यवस्था केलेली असते. वाय-फाय नसलेल्या गावी अशी चित्रे आठवडेच्या आठवडे मोबाईलमध्येच पडून राहतात.

उपाय

मूळ प्रत शोधणे हा पहिला उपाय होय. ती मोबाईलच्या कॅमेरा फोल्डरमध्ये, मेमरी कार्डमध्ये किंवा चित्र पाठविणाऱ्याच्या मोबाईलमध्ये असू शकते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले चित्र पुसट असले, तरी ते ज्याने काढले त्याच्याजवळ बहुधा मूळ चित्र असते. त्याजकडून ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावे. या रीतीने पाठविलेली फाईल न बदलता पोचते. चित्र चुकून पुसले गेले असल्यास कचरापेटी, म्हणजे ट्रॅश, तत्काळ पाहावी. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेली चित्रे तेथे ६० दिवस राहतात. गूगल ड्राइव्हमध्ये ही मुदत ३० दिवसांची आहे.

मूळ प्रत मिळाल्यावर ती गूगल ड्राइव्हमध्ये एका स्वतंत्र फोल्डरमध्ये फाईल म्हणून चढवावी. ड्राइव्ह फाईल जशी दिली तशीच ठेवते. बॅकअपचा पर्याय आज बदलला म्हणून पूर्वी दाबून साठविलेली चित्रे आपोआप सुधारत नाहीत, हे ध्यानात असावे. तसेच, गूगल फोटोजमधील जुनी प्रत पुसताना विशेष सावध राहावे. बॅकअप चालू असताना तेथे पुसलेले चित्र मोबाईलमधूनही जाते.

सर्वच चित्रे मूळ दर्जात ठेवणे परवडणारे नाही. गूगलच्या खात्यात १५ जीबी जागा विनामूल्य मिळते व ती ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांत मिळून असते. १ जून २०२१ पासून ‘स्टोरेज सेव्हर’मधील नवी चित्रेही या जागेत मोजली जातात. एक चित्र ४ एमबीचे धरले, तर सर्व जागा चित्रांना दिली तरी सुमारे ३,८०० चित्रेच मावतात. म्हणून धान्याची प्रतवारी करावी तशी चित्रांची करावी. नुकसानीचा पुरावा, कीड-रोगाचे निदान व कागदपत्रे मूळ दर्जात ठेवावीत. समारंभाची व इतर चित्रे कमी दर्जात ठेवण्यास हरकत नाही.

मूळ प्रत कोठेच मिळाली नाही, तर चित्र पुन्हा काढणे एवढाच खात्रीचा मार्ग उरतो. पुसट चित्र स्पष्ट करून देणारी साधने हल्ली मिळतात. ती हरवलेला तपशील परत आणीत नाहीत. आजूबाजूच्या ठिपक्यांवरून अंदाज बांधून नवा तपशील रंगवितात. घरगुती चित्रापुरते ते ठीक आहे. परंतु अशा साधनाने पानावर नसलेला ठिपका उमटू शकतो किंवा कागदावरील ३ चा ८ होऊ शकतो. म्हणून निदानासाठी व पुराव्यासाठी अशी चित्रे कदापि वापरू नयेत.

चित्र काढतानाच घ्यावयाची काळजी

भिंग मऊ, स्वच्छ कापडाने पुसावे. पडद्यावर कीड किंवा डाग जेथे दिसतो तेथे बोट टेकवून नेम साधावा. पान एका हाताने स्थिर धरावे. झूम न वापरता जवळ जावे, मात्र फार जवळ गेल्याने नेम चुकत असल्यास थोडे मागे सरावे. पांढरी माशी व तिची पिल्ले पानाच्या खालच्या बाजूस असतात, म्हणून पान उलटून चित्र घ्यावे. प्रत्येक वेळी तीन चित्रे काढावीत : सबंध शेताचे, एका झाडाचे आणि रोगट भागाचे. शेवटच्या चित्रात शेजारी नाणे ठेवल्यास आकाराचा अंदाज येतो. शेत सोडण्यापूर्वी चित्र मोठे करून पाहावे. चित्र बिघडले असल्यास त्याच जागी दुसरे काढण्यास एक मिनिटही लागत नाही.

कागदपत्रांविषयी विशेष

संकेतस्थळावरून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा पीडीएफ स्वरूपात असतो. त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवू नये. स्क्रीनशॉटमध्ये अक्षरे पुसट होतात आणि डिजिटल स्वाक्षरी तपासण्याची सोयही नाहीशी होते. मूळ पीडीएफच क्लाउडमध्ये ठेवावी. डिजिलॉकरमध्ये काही दाखले देणाऱ्या कार्यालयाकडूनच थेट मिळतात. ते मिळत असतील, तर कागदाचा फोटो चढविण्याची गरज राहत नाही.

कागदी दस्ताची प्रत घ्यावयाची असल्यास दर इंचास ३०० ठिपके हे प्रमाण चांगले. ए-४ आकाराच्या पानास ते सुमारे २,४८० बाय ३,५०८ पिक्सेल होते. अर्ज भरताना फाईल ठराविक केबीच्या आत हवी असल्यास प्रथम कडेचा रिकामा भाग कापावा, रंग आवश्यक नसल्यास काळी-पांढरी प्रत करावी आणि मगच आकार कमी करावा. ही लहान प्रत दर वेळी मूळ फाईलवरूनच तयार करावी, आधी लहान केलेल्या प्रतीवरून करू नये. लहान प्रतीला वेगळे नाव द्यावे, म्हणजे ती मूळ फाईलवर चढून बसणार नाही.

गावसभेतील प्रात्यक्षिक

ग्रामकार्यकर्त्यांनी हा विषय पुढील प्रयोगाने समजावून द्यावा. वर्तमानपत्राच्या एका पूर्ण पानाचे छायाचित्र काढावे. ते दुसऱ्या मोबाईलवर एकदा नेहमीच्या रीतीने व एकदा डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. तिसरी प्रत म्हणून त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा. मग तिन्ही प्रतींतील एकच बारीक बातमी मोठी करून उपस्थितांना वाचावयास सांगावे व तिन्ही फाईलींचे आकडे फळ्यावर लिहावेत. जे एका तासाच्या भाषणाने पटत नाही, ते या दहा मिनिटांच्या प्रयोगाने पटते.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. क्लाउडमधील प्रत डाउनलोड करून, मोठी करून पाहिल्यावाचून मोबाईलमधील मूळ चित्र पुसू नये. ‘जागा मोकळी करा’ हे बटण दाबण्यापूर्वी बॅकअपचा दर्जा पाहावा.

२. महत्त्वाचे चित्र नेहमी डॉक्युमेंट म्हणून पाठवावे.

३. मूळ प्रत दोन ठिकाणी ठेवावी : एक क्लाउडमध्ये व एक मेमरी कार्ड किंवा पेन ड्राइव्हवर.

४. फाईलीस गाव, गट क्रमांक, पीक व दिनांक असे नाव द्यावे.

बियाणे साठविताना शेतकरी ते निवडून, वाळवून, कणगी तपासून ठेवतो. एकदा साठविले म्हणजे झाले, असे तो मानीत नाही. मधूनमधून कणगी उघडून पाहतो. चित्रे व कागदपत्रे यांच्या बाबतीतही हीच दक्षता बाळगली, तर गरजेच्या वेळी ती स्वच्छ व वाचनीय स्थितीत हाती लागतील.