स्टेपनीचे पंधरा किलो

मोटारीची डिकी उघडून तळाचा गालिचा वर केला की खाली एक चाक आडवे ठेवलेले दिसते. त्याला आपण स्टेपनी म्हणतो. हा शब्द आला वेल्समधून. तेथील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ साली मोटारीचे जादा चाक तयार केले. त्याआधी टायर फुटला की रस्त्याच्या कडेला बसून तो दुरुस्त करावा लागे. त्या रस्त्याचे नाव आज आपल्या प्रत्येक पंक्चरवाल्याच्या तोंडी आहे.

आता काही नव्या मोटारींत स्टेपनी नसते. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीला ट्यूबलेस टायर असतील, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल आणि पंक्चर बुजवण्याचे साहित्य बरोबर असेल, तर जादा चाकाची सक्ती उरली नाही. वजन कमी होते, जागा मिळते आणि इंधन वाचते, असे सांगितले जाते. इंधन किती वाचते? हे शोधायला शाळेतले भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

लहान मोटारीची स्टेपनी सुमारे १५ किलोची धरू. सपाट डांबरी रस्त्यावर चाके लोळवताना होणारा विरोध वजनाच्या साधारण शंभराव्या भागाइतका असतो. १५ किलोचे वजन १५० न्यूटन, म्हणून विरोध दीड न्यूटन. शंभर किलोमीटर म्हणजे एक लाख मीटर. तेवढ्या प्रवासात ऊर्जा लागली दीड लाख ज्यूल. एक लिटर पेट्रोल जळून सुमारे ३ कोटी २० लाख ज्यूल मिळतात, पण चाकांपर्यंत पोचतात त्यातले चतुर्थांश, म्हणजे ८० लाख. भागाकार केला की सुमारे १९ मिलिलिटर पेट्रोल येते.

शहरात यात भर पडते. सीताबर्डीच्या गर्दीत मोटार दर किलोमीटरला दोनदा थांबते आणि पुन्हा ताशी ४० किलोमीटरचा वेग घेते असे समजा. हा वेग सेकंदाला ११.१ मीटर. १५ किलोची गतिज ऊर्जा सुमारे ९२५ ज्यूल होते, आणि ब्रेक दाबला की तिची उष्णता होऊन ती वाया जाते. दोनशे वेळा थांबलो तर १ लाख ८५ हजार ज्यूल, म्हणजे आणखी २३ मिलिलिटर. एकूण झाले ४२. औषधाचे आठ चमचे. शंभर किलोमीटरला सहा लिटर पिणाऱ्या मोटारीत ही बचत एक टक्कासुद्धा नाही. समृद्धी महामार्गावर तर बहुतेक इंधन हवेचा विरोध मोडण्यात जाते, आणि हवेला डिकीतल्या चाकाशी काही देणेघेणे नसते.

मग वजन कमी करण्यात अर्थच नाही का? आहे, पण ते कोठून कमी करता हे पाहावे लागते. एक प्रयोग करा. टॉर्चचा एक सेल आणि तेवढ्याच जाडीचा प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा घ्या. पाटाची एक बाजू पुस्तकावर टेकवून दोन्ही एकदम सोडा. दर वेळी सेल पुढे जाईल, मग पाइप हलका असो की जड. पाइपचे सारे वस्तुमान कडेला आहे, त्यामुळे घरंगळताना त्याला पुढे जाण्यासाठी जितकी ऊर्जा लागते तितकीच पुन्हा फिरण्यासाठी लागते. या गुणाला जडत्व आघूर्ण म्हणतात. ते अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गाने वाढते.

म्हणून टायरच्या अगदी बाहेरच्या पट्ट्यातला एक किलो, वेग घेताना डिकीतल्या जवळजवळ दोन किलोंसारखा वागतो. रिमचे तसे नाही. टायरची बाहेरची त्रिज्या ३१ सेंटिमीटर आणि रिमची १९ असेल, तर गुणोत्तराचा वर्ग येतो सुमारे ०.३८. म्हणजे रिमच्या कडेचा एक किलो १.४ किलोंसारखा. अलॉयच्या चाकांचे कौतुक करताना हा फरक बहुधा विसरला जातो. महाग रिम घेण्याआधी टायरचे वजन विचारावे, असे माझे मत आहे.

अलॉय म्हणजे येथे ॲल्युमिनियममध्ये सुमारे सात टक्के सिलिकॉन व थोडे मॅग्नेशियम मिसळलेला ओतीव धातू. नागपूरच्या वाडी भागात या धातूच्या संशोधनासाठी १९८९ पासून जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आहे. ॲल्युमिनियमची घनता २.७ आणि पोलादाची ७.८, पण म्हणून चाकाचे वजन एकतृतीयांश होत नाही. पोलाद जवळजवळ तिप्पट ताठ असते, त्यामुळे अलॉयचे चाक जाड करावे लागते. बचत होते ती बहुधा चाकामागे एकदोन किलोंची, आणि शोभेसाठी मोठ्या मापाचे चाक बसवले तर तीही जाते. एक फायदा मात्र खरा आहे. चाक स्प्रिंगच्या खाली असते; ते हलके असले की खड्ड्यातून वर उडून लवकर रस्त्याला टेकते आणि पकड सुटत नाही.

स्टेपनीकडे परत येऊ. दुरुस्तीच्या साहित्यातला चिकट द्रव खिळ्याने पडलेले छिद्र बुजवतो. टायरची बाजू फाटली किंवा टायर फुटला तर त्याचा उपयोग नाही. काही मोटारींत बारीक, हलके तात्पुरते चाक देतात. त्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते, आणि समृद्धीवर मोटारींना १२० ची मुभा आहे हे ध्यानात ठेवावे. आठ चमचे पेट्रोलसाठी लांबच्या प्रवासात पूर्ण चाक घरी ठेवणे मला पटत नाही. बचतच हवी तर टायरमध्ये हवा बरोबर ठेवावी. हवा कमी झाल्याने लोळण्याचा विरोध एकदशांशाने वाढला, तर १,२०० किलोच्या मोटारीत जणू १२० किलोंचे ओझे चढते. म्हणजे आठ स्टेपन्या!

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. सायकलच्या दोन्ही रिमा बदलून एकूण एक किलो वजन कमी केले. ताशी १८ किलोमीटरचा वेग घेताना दर वेळी किती ऊर्जा वाचेल? रिम अगदी कडेला आहे असे माना. उत्तर २५ ज्यूल यायला हवे. तोच किलो दप्तरातून काढला तर साडेबारा.